पान लागलं : नाग, मण्यार आणि पेशींमधला निरोप

आमच्या जुन्नरकडची जुनी माणसं 'साप चावला' असं सहसा म्हणत नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. रात्रीच्या वेळी तर सापाचं नावही काढायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. नाव घेतलं की ते येतं, अशी समजूत. लहानपणी मला हे फार गमतीचं वाटायचं. पुढे बायोलॉजीला टाटा करून मी इंजिनियरिंगला गेलो, पुण्यात कोड लिहायला लागलो, आणि 'पान लागणं' हा शब्द गावाकडच्या इतर शब्दांबरोबर मागे पडला. मधे काही शनिवार-रविवार पेशी एकमेकींना निरोप कशा देतात याबद्दल वाचत बसलो होतो, तेव्हा तो शब्द अचानक पुन्हा समोर आला. कारण या निरोपाच्या शोधाचा इतिहास जवळजवळ विषांचाच इतिहास आहे. आणि त्यातली दोन मुख्य पात्रं आमच्याच तालुक्यातल्या उसात आणि गोठ्यात सापडतात : नाग आणि मण्यार.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुन्नर-आंबेगाव म्हणजे कुकडी प्रकल्पाची पाच धरणं : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं, टोमॅटो, कांदा आला. धान्य आलं की उंदीर आले, आणि उंदरांमागून साप. शेतीची लाइट कित्येकदा रात्रीची येते, म्हणजे पाणी धरायला माणूस अंधारात बांधावर. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांमध्ये माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. यात जुन्नरचं विशेष असं काही नाही म्हणा, सगळ्या देशाची हीच गोष्ट आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतली.

माणसं मारणारे साप मुख्यतः चार. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं. नाग आणि मण्यार यांचं विष माणसाला लुळं करतं. पण दोघांची तऱ्हा वेगळी. नाग चावला की कळतं, दुखतं, सुजतं. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, आणि ते त्याला बऱ्याचदा कळतही नाही. दात बारीक, सूज नाही, दुखणं नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. घोट गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, मान टाकली जाते, आणि शेवटी श्वास. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं असेल, झोप आली असेल. आमच्या वाडीतला एक माणूस असाच गेला. मी शाळेत होतो. साप कुणी पाहिलाच नव्हता, म्हणून आधी ओवा-सोडा झाला, मग देवळात नेलं, आणि गाडी मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं.

यातली भयंकर गोष्ट मला खूप उशिरा, वाचताना कळली. अशा माणसाचा मेंदू बहुतेक वेळा शेवटपर्यंत जागा असतो. हृदय चालू असतं. स्नायूही धडधाकट असतात. त्याला सगळं ऐकू येत असतं. फक्त मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. निरोप वाटेत कुठेतरी हरवतो. कुठे?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने, १८५० च्या दशकाच्या आसपास. त्याच्या हातात होतं क्युरारे, दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावतात ते विष. क्युरारे दिलेल्या बेडकाच्या नसेला विजेचा झटका दिला तर स्नायू हलत नाही. पण स्नायूलाच थेट झटका दिला तर तो टुणकन उडतो. नस ठीक, स्नायू ठीक, बिघाड दोघांच्या मधे. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू, क्लायंट चालू, इंटरफेस मेला. काय सुंदर डीबगिंग आहे बघा!

पुढचा धागा हिंदुस्थानातला. कलकत्त्यात नोकरी केलेला सर्जन जोसेफ फेरर याने १८७२ साली इथल्या विषारी सापांवर भलाथोरला सचित्र ग्रंथ काढला. लगेच पुढच्या वर्षी त्याने आणि लंडनच्या लॉडर ब्रंटनने लिहिलं की नागाचं विष क्युरारेसारखंच नसांच्या टोकांशी काम करतं. त्यांनी आणखी एक केलं. विष दिलेल्या जनावरांना कृत्रिम श्वास देऊन पाहिला, तर ती जास्त वेळ जगली. म्हणजे विष थेट जीव घेत नाही, श्वास बंद पाडून घेतं. हे १८७३ मध्ये माहीत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पण नस आणि स्नायू यांच्या मधे नेमकं काय असतं? वीज उडी मारते की एखादं रसायन जातं? यावर पन्नास-साठ वर्षं भांडण चाललं. १९२१ साली ऑस्ट्रियात ग्राट्झ इथे ऑटो लोवी याने दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याची गती कमी करणारी नस छेडली, ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातलं. दुसऱ्याला नस छेडलेलीच नव्हती, तरी तेही मंदावलं! म्हणजे पाण्यातून काहीतरी गेलं होतं. हा प्रयोग त्याला स्वप्नात सुचला होता. पहिल्या रात्री उठून कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर वाचता येईना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं, तेव्हा मात्र तो रात्री तीनला सरळ प्रयोगशाळेत गेला. ते रसायन निघालं ॲसिटिलकोलिन. नस आणि हातापायांच्या स्नायूंमधेही तेच जातं हे इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी डेल आणि लोवी यांना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी लोवीला तुरुंगात टाकलं, आणि बक्षिसाची रक्कम काढून घेतल्यावरच देशाबाहेर जाऊ दिलं. असो, तो वेगळाच विषय.

आता माझा या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस. बर्नार्ड कॅट्झ. हाही जर्मनीतून निसटून लंडनला आलेला. १९५० च्या सुमारास तो आणि पॉल फॅट बेडकाच्या स्नायूवर बारीक इलेक्ट्रोड लावून बसले होते. नस शांत, स्नायू शांत, तरीही पडद्यावर मधूनच टिकटिक. अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे टिपके, कसल्याही हुकमाशिवाय. कुणीही म्हणालं असतं, यंत्रातला नॉइज आहे, सोडा. यांनी सोडलं नाही. पाहिलं तर प्रत्येक टिपका साधारण एकाच मापाचा, आणि खरा मोठा सिग्नल म्हणजे अशा अनेक टिपक्यांची बेरीज. म्हणजे ॲसिटिलकोलिन पाण्यासारखं धारेने सुटत नाही, पुड्यांमधून सुटतं. एक पुडी, दोन पुड्या. अर्धी पुडी कधीच नाही. काही वर्षांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नसेच्या टोकाला खरोखरच गोल गोल पिशव्या खच्चून भरलेल्या दिसल्या. एकेकीचा व्यास साधारण ५० नॅनोमीटर, आत हजारो रेणू. पिशवी पेशीच्या कडेच्या पडद्याला चिकटते, फुटते, रेणू बाहेर पडतात, साधारण तेवढीच अरुंद फट ओलांडून पलीकडच्या स्नायूवरच्या 'कुलपां'मध्ये बसतात, स्नायू आकसतो. सगळं मिळून एका मिलिसेकंदाच्या आसपास. लगेच तिथलं एक एन्झाइम येऊन ॲसिटिलकोलिनचे तुकडे करतं, म्हणजे पुढच्या निरोपाला पाटी कोरी.

इथे एक प्रश्न पडतो. या पिशव्या येतात कुठून? पायाच्या अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेची मूळ पेशी असते पाठीच्या कण्यात. तिचा धागा जवळजवळ एक मीटर लांब. ॲसिटिलकोलिन टोकाला बनतं हे खरं, पण ते बनवणारं एन्झाइम, पिशव्यांची प्रथिनं, हा सगळा माल कण्यातल्या कारखान्यातून येतो. नुसता पाण्यात सोडून दिला तर तो अंगठ्यापर्यंत पोचायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून पेशीत रस्ते आहेत, आणि त्या रस्त्यांवर हमाल. १९८५ मध्ये यातला एक हमाल सापडला, कायनेसिन. त्याला अक्षरशः दोन पाय असतात. ८ नॅनोमीटरचं एक पाऊल, आणि दर पावलाला इंधनाचा एक रेणू खर्च. एक मीटर जायला साडेबारा कोटी पावलं! जलद माल दिवसाला ४० सेंटिमीटरपर्यंत सरकतो, म्हणजे कण्यातून अंगठ्यापर्यंत अडीच दिवस. मला हे वाचताना नाणेघाट आठवला. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल असाच पावलापावलाने घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून आहे.

उलट दिशेने जाणारे हमालही आहेत, डायनीन नावाचे. एकाच ओझ्याला दोन्ही बाजूंचे हमाल जुंपलेले असतात आणि त्यांच्यात चक्क रस्सीखेच चालते. यावरचं उत्तम काम आपल्या मुंबईत झालं. त्या वेळी टीआयएफआरमध्ये असलेले रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका दांडग्या कायनेसिनविरुद्ध अनेक अशक्त डायनीन मिळून ओढतात. लेझरच्या चिमट्याने त्यांनी या ओढण्याचं बळ मोजलं.

टीआयएफआर म्हणजे तीच संस्था, जिच्या गोविंद स्वरूप यांनी आमच्या खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी केली. तिथेही आकाशातल्या नॉइजमधून सिग्नलच शोधतात. त्याच संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. पुढे त्यांनी सीमोर बेंझरबरोबर फळमाश्यांच्या काही विचित्र जातींचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. या माश्या एरवी ठणठणीत, पण तापमान वाढवलं की लुळ्या पडायच्या, थंड केलं की पुन्हा उडायच्या. त्यातल्या एका जातीचं नाव 'कोमाटोज'. या माशीत काय बिघडलंय हे १९९५ मध्ये कळलं. पिशवी पडद्याला जोडताना काही प्रथिनं दोरीसारखी पिळली जातात. हा पीळ सोडवून ती पुन्हा वापरायला मोकळी करणारं प्रथिन तिच्यात सदोष होतं. हेच प्रथिन जेम्स रॉथमनच्या प्रयोगशाळेने १९८८ मध्ये पूर्णपणे वेगळ्या वाटेने शोधलं होतं. पेशीतली ही पिशव्यांची वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

आता परत सापांकडे. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीचं विष घेऊन त्यातले घटक वेगळे केले. एकाला नाव दिलं अल्फा, दुसऱ्याला बीटा. दोन्हींनी स्नायू लुळा पडतो, पण अगदी वेगवेगळ्या जागी.

अल्फा जाऊन बसतं पलीकडच्या बाजूला, स्नायूवरच्या कुलपात. किल्लीची जागाच अडवून टाकतं. ॲसिटिलकोलिन येतं आणि दारावरून परत जातं. इतकं घट्ट बसतं म्हणून १९७० मध्ये पॅरिसच्या झाँ-पिएर शांजो याने याच विषाचा खुणेसारखा वापर करून ते कुलूप, म्हणजे रिसेप्टर, वेगळं काढलं. असा हाती लागलेला हा पहिलाच रिसेप्टर. माणसाच्या ज्ञानात सापाने घातलेली ही भर! आपल्या नागाचं लुळं करणारं विष याच कुळातलं.

बीटा जातं अलीकडच्या बाजूला, निरोप पाठवणाऱ्या टोकात. ते तिथला पडदाच कुरतडतं. पिशव्या रिकाम्या होतात, टोक उद्ध्वस्त होतं. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषात या तऱ्हेचा घटक जोरदार असतो.

हा फरक नुसता पुस्तकी नाही, उपचार त्याच्यावर ठरतो. नागाच्या दंशात प्रतिविष तर द्यायचंच, जोडीला निओस्टिग्मिन देतात. ते ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, फटीत निरोप्यांची गर्दी वाढते, आणि काही कुलपं विषाच्या हातून परत मिळतात. पापण्या उघडायला लागतात. मण्यारीत याचा फारसा उपयोग नाही, कारण पाठवणाराच उरला नाही तर गर्दी कुणाची वाढणार? प्रतिविषही रक्तातलं मोकळं विष पकडतं, झालेली मोडतोड भरून काढत नाही. म्हणून ते लवकर मिळणं महत्त्वाचं. पण उशीर झाला तरी सगळं संपलेलं नसतं, कारण नसेची टोकं पुन्हा उगवतात. माल कण्यातून पुन्हा निघतो, पावलापावलाने पोचतो, पिशव्या पुन्हा भरतात. याला काही दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस त्या माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालवायचा असतो. व्हेंटिलेटरने, आणि तो मिळेपर्यंत हाताने दाबायच्या फुग्याने.

आणि इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. मण्यारीचा असा रुग्ण हलत नाही, बोलत नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, त्यांवर बॅटरी मारली तरी आकसत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं मेंदू गेला. वैद्यकीय लिखाणात अशा रुग्णांची नोंद आहे : सगळ्या खुणा मेंदू मेल्याच्या, आणि नंतर माणूस चालत घरी गेलेला. म्हणून सर्पदंशात 'संपलं' म्हणायची घाई करायची नसते. आणि खाटेजवळ बोलताना जपून बोलायचं असतं. तो ऐकत असण्याची शक्यता आहे.

प्रतिविषाचा इतिहासही आपल्या मुंबईतून जातो. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेटने १८९५ च्या सुमारास नागाविरुद्ध सीरम तयार केला आणि तो सगळ्याच सापांवर चालेल असं त्याला वाटत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्बने दाखवलं की तसं नाही, नागाचा सीरम घोणशीवर चालत नाही. ज्याचं विष त्याचाच उतारा. त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. तिथेच काम केलेल्या डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये सामान्य वाचकांसाठी भारतातल्या सापांवर पुस्तक लिहिलं. लॅम्बचा धडा आजही पुरा झालेला नाही. आपल्याकडचं प्रतिविष चार मुख्य सापांच्या विषांपासून बनतं, आणि त्यातलं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या १९७८ पासूनच्या सहकारी संस्थेकडून येतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की चौघांबाहेरच्या काही सापांवर हे प्रतिविष फार तोकडं पडतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असा भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम २०२४ मध्ये जाहीर झाला. आमच्या तालुक्यात हे काम त्याच्या किती तरी आधी सुरू झालं. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करताहेत, गावोगाव, शाळांमधून सांगताहेत. खेड्यातल्या दवाखान्यात हे होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

आपल्यापैकी बरेच जण शहरात असलो तरी आई-वडील गावी असतात, आपण दिवाळीला, द्राक्षाच्या हंगामाला जातोच. म्हणून थोडक्यात. झोपायला खाट, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली. मण्यारीविरुद्ध याहून स्वस्त संरक्षण नाही. रात्री बांधावर जाताना बॅटरी आणि बूट. चावल्यावर चिरा देणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, काही नाही. तो भाग स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना. साप पकडायच्या मागे लागायचं नाही. पावसाळ्यात पहाटे कुणाचं पोट दुखत असेल आणि पापण्या मिटत असतील, तर साप दिसला नसला तरी मण्यार धरून चालायचं.

१८७३ साली फेरर आणि ब्रंटनने जनावरांना श्वास देऊन जे पाहिलं, त्याचा अर्थ आज आपल्याला रेणूपर्यंत माहीत आहे. निरोप थांबला म्हणजे माणूस संपला असं नाही. निरोप पुन्हा सुरू होईपर्यंत कुणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहायला हवं, एवढंच.